ग्रॅम पार्सन्स ऐकायचाय? ‘जीपी’पासून सुरुवात कर

कंट्री-रॉक, म्हणजे अमेरिकन कंट्री संगीत आणि रॉकचं मिश्रण, नव्याने ऐकतोयस, तर गायक ग्रॅम पार्सन्सचा 1973चा पहिला सोलो अल्बम ‘जीपी’ आधी लाव, तोही हेडफोनवर. जेम्स बर्टनची गिटार, ग्लेन हार्डिनचा पियानो, रॉनी टटचे ड्रम्स. ही सगळी एल्विसच्या बँडमधली माणसं! पण कान लाव तो गायिका एमीलू हॅरिसकडे. ‘वील स्वीप आउट द ॲशेस इन द मॉर्निंग’मध्ये ती नुसती साथ देत नाही, ग्रॅमच्या बरोबरीने गाते. त्याचा आवाज मध्येच कापरा होतो, तिथे ती त्याला सावरून घेते. मला तरी अल्बमचा जीव तिथेच सापडतो. रडगाणी म्हणून लगेच सोडू नकोस; ‘शी’ रात्री निवांत ऐक. मग ‘ग्रीव्हस एंजल’ घे, ग्रॅम 26व्या वर्षी गेल्यानंतर 1974मध्ये आलेला. ‘बर्ड्स’ या रॉक बँडबरोबरचा ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ त्यानंतर.