हापूसची वेबसाईट केली, आता कार्ड कसं घ्यायचं?

प्रश्न : ताई, देवगडात आमची कलमं आहेत, यंदा दलालाला न देता पेट्या थेट ऑनलाईन विकायच्यात. मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं क्रेडिट कार्ड चालतं का विचारतात. गेटवे, म्हणजे ऑनलाईन पैसे घेऊन आपल्या खात्यात पोचवणारी कंपनी, कुठला घेऊ, सगळे दोन टक्के फी म्हणतात.

उत्तर : अरे, कार्डाचं बिल दोन हजारांच्या वर गेलं की त्या दोन टक्क्यावर १८ टक्के जीएसटी असतो तो कोणी आधी सांगत नाही. हजाराच्या तीन पेट्या एकदम घेतल्या तर ६० रुपये फी आणि १०.८० जीएसटी, म्हणजे हातात २९२९.२०. परदेशी कार्ड असेल तर रेट अजून जास्त. रेझरपे, कॅशफ्री, पेयू, कोणाकडेही जा, पण रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे ना ते बघ आणि पैसे खात्यात कधी पडतात ते आधी विचार, कारण सीझनमध्ये गड्यांची मजुरी, खोके, पेंढा सगळं रोख लागतं आणि पैसे तिकडे अडकून चालत नाही. यूपीआयवर २०२० पासून एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून व्यवहारामागे कापली जाणारी फी, शून्य आहे, तरी गेटवेवाले प्लॅटफॉर्म फी लावतात का ते लेखी घे.

खरी डोकेदुखी चार्जबॅकची. आंबा डागी निघाला म्हणून गिऱ्हाईक बँकेकडे तक्रार करतं आणि बँक पैसे परत ओढते, तेव्हा पेटी भरतानाचे फोटो, कुरिअरची पावती ठेवच. रिफंडचे नियम साईटवर टाक, त्याशिवाय गेटवेवाले खातं चालू करत नाहीत. गिऱ्हाइकाचा कार्ड नंबर वहीत लिहून ठेवायचा नाही हं!