वाचकांचे प्रश्न : परत येणाऱ्याला दार बंद असते का?

प्रश्न : माझा बाप्तिस्मा आणि दृढीकरण गावच्या मंडळीत झाले. नोकरीनिमित्त पुण्यात आल्यावर आधी उपासना सुटली, मग प्रार्थनाही सुटली, आणि कामावरच्या सोबत्यांनी विचारले तेव्हा ख्रिस्ताशी माझा काही संबंध नाही, असे मी त्यांना सांगून टाकले. अलीकडे मी पुन्हा मंडळीत जाऊ लागलो आहे. परंतु बायबल अभ्यासात नव्या करारातील इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय घेतला, आणि पतित झालेल्यांना पश्चात्तापासाठी पुन्हा नवे करणे अशक्य आहे, हे ऐकल्यापासून माझे मन थाऱ्यावर नाही. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या वेळी मी मागच्या बाकावर बसून राहतो. माझ्यासाठी दार बंद झाले आहे का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्याला धीर देण्यासाठी त्या वचनाची धार बोथट करणे मला योग्य वाटत नाही. विश्वासापासून ढळण्याचा धोका खरा आहे, आणि पत्रकर्त्याने तो मंडळीबाहेरच्यांना नव्हे, तर मंडळीत बसलेल्यांनाच सांगितला आहे. मात्र तो इशारा कोणाला व कशासाठी दिला, हे नीट पाहिले पाहिजे. ख्रिस्तासाठी निंदा आणि मालमत्तेची लूट सोसलेले ते लोक आता थकले होते, आणि ख्रिस्ताला सोडून जुन्या यज्ञविधींकडे परतावे असा मोह त्यांना होत होता, असे त्या पत्रावरून दिसते. त्यांना लेखक दहाव्या अध्यायात बजावतो की, ख्रिस्ताचे अर्पण जाणूनबुजून झिडकारणाऱ्यासाठी पापाबद्दल दुसरा यज्ञ उरत नाही. सहाव्या अध्यायातील ‘अशक्य’ हा शब्द मी याच प्रकाशात वाचतो. ख्रिस्ताला तुच्छ लेखून त्याच्याकडे पाठ फिरवूनच राहणाऱ्याला नवे करण्याचा दुसरा उपाय कोठेही नाही. परंतु त्याच ख्रिस्ताकडे रडत परतणाऱ्याला तो घालवून देतो, असे हे वचन म्हणत नाही. उलट, त्या कठोर ओळींनंतर लगेच लेखक आपल्या वाचकांना ‘प्रियजन’ म्हणतो आणि त्यांच्याविषयी अधिक चांगल्या गोष्टींची खात्री असल्याचे सांगतो.

खरा तारलेला मनुष्य कायमचा पतित होऊ शकतो का, याविषयी आपल्या मंडळ्यांत जुना मतभेद आहे. सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्विनच्या परंपरेतील लोक नाही म्हणतात, मेथडिस्ट चळवळीचा प्रणेता वेस्लीच्या परंपरेतील लोक होय म्हणतात. तो वाद येथे सुटणार नाही. इशारा गांभीर्याने घ्यावा, याविषयी मात्र दोन्हीकडे एकमत आहे.

आपला प्रश्न मंडळीला तिसऱ्या शतकातच फार जवळून पाहावा लागला. रोमन सम्राट डेसियसने साम्राज्यातील लोकांनी देवतांना यज्ञ करावा असा हुकूम काढला, आणि इ. स. 250 मध्ये त्याची अंमलबजावणी झाली. नेमलेल्या अधिकाऱ्यांसमोर अर्पण करायचे, पेयार्पण ओतायचे, यज्ञातील मांस चाखायचे आणि तसा दाखला घ्यायचा. पपायरसवर लिहिलेले असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तमध्ये सापडले आहेत. उत्तर आफ्रिकेतील कार्थेजमध्ये पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी यज्ञ केला. काहींनी पैसे देऊन केवळ दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हे लोक मंडळीच्या दाराशी आले. रोममध्ये नोव्हाशियन नावाच्या धर्मगुरूने त्यांना परत घेण्यास ठाम नकार दिला, तर कार्थेजमध्ये छळ सोसूनही न डगमगलेल्या काहींनी त्यांना लगेच क्षमापत्रे वाटायला सुरुवात केली. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने दोन्ही वाटा नाकारल्या. कार्थेजमधील बिशपांच्या 251 च्या सभेत असे ठरले की, केवळ दाखला घेतलेल्यांना प्रत्येकाची चौकशी करून परत घ्यावे, आणि प्रत्यक्ष यज्ञ केलेल्यांनी दीर्घकाळ प्रायश्चित्त करावे. पुढे नव्या छळाची चिन्हे दिसू लागताच, प्रायश्चित्त करणाऱ्या सर्वांना प्रभुभोजनाला घेण्याचा निर्णय झाला, कारण त्या भोजनाच्या बळाशिवाय ते संकटात कसे टिकणार? पाप लहान होते असे त्या सभेने म्हटले नाही, आणि दार बंद आहे असेही म्हटले नाही. मला हा निर्णय शुभवर्तमानाला धरून वाटतो.

आपल्या पत्रातील ज्या वाक्यावर मी सर्वाधिक थांबलो, ते सोबत्यांपुढच्या नकाराचे नव्हे, तर उपासना व प्रार्थना एकामागून एक सुटल्याचे आहे. पौलाचा सहकारी देमास आठवावा. कलस्सैकरांस पत्रात त्याचे नाव लूकच्या शेजारी आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मात्र, सध्याच्या जगाची आवड धरून तो पौलाला सोडून गेला, एवढेच आपल्याला कळते. तेथे दरबार, शिपाई किंवा धमकी यांचा उल्लेखही नाही. येशूचा शिष्य पेत्र याने येशूला तीनदा नाकारले आणि तो ढसढसा रडला. येशूला धरून देणारा यहूदाही पस्तावला, पण तो चांदीची नाणी घेऊन याजकांकडे गेला, प्रभूकडे गेला नाही. मन कठीण होणे याचा अर्थ रडू न येणे एवढाच नाही. ख्रिस्ताकडे जावेसे न वाटणे, हा त्याचा अधिक भयंकर अर्थ आहे, आणि आपण तर त्याच्याकडे जाता येईल की नाही या चिंतेने झोप घालवून बसला आहात.

म्हणून पुढच्या प्रभुभोजनाच्या आधी आपल्या पाळकांना एकांतात भेटावे आणि मला लिहिले ते त्यांना सांगावे, विशेषतः तो नकार, काहीही न वगळता. त्यांच्याबरोबर प्रार्थना करून मग मेजाशी यावे. इब्री पत्राने एकमेकांना दररोज, ‘आज’ म्हटले जाते तोवर, बोध करण्यास सांगितले आहे, तेव्हा बायबल अभ्यासाचा तो गट सोडू नये. ज्या सोबत्यांपुढे आपण ख्रिस्ताला नाकारले, त्यांच्यापैकी कोणी अजून कामावर असेल, तर आपण ख्रिस्ती आहोत, एवढे त्याला साध्या शब्दांत सांगावे.