सहीआधी नकाशा

कोथरूडहून एका वाचक भगिनीने विचारले आहे: वडिलांच्या नावची आठ एकर जमीन 2021 मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या 23 गावांपैकी एका गावात आहे. आई-वडील हयात नाहीत. सातबाऱ्यावर दोन भाऊ आणि या, अशी तीन नावे. भावांनी एका बिल्डरशी प्लॉटिंगचे बोलणे पक्के केले आहे. जमिनीच्या खालच्या अंगाला साधारण दीड एकर पाणथळ आहे, तिला ओढ्याचे पाणी मिळते, काठावर दोन जुने वड आणि चिंच-जांभळांची रांग. बिल्डर म्हणतो, "चिबड जमीन आहे, मुरूम टाकून उचलून घेऊ." या भगिनींचा प्लॉटिंगला विरोध नाही, पाणथळ आणि झाडे वाचवायची आहेत; त्यासाठी पाणथळाच्या कायद्याचा आधार मिळेल का, हा त्यांचा प्रश्न. शिवाय काही वर्षांपूर्वी "तलाठ्याकडची कामे अडतात" म्हणून थोरल्या भावाला मुखत्यारपत्र दिलेले आहे.

ताई, तुम्ही पाणथळाच्या कायद्याबद्दल विचारलेत; मी सुरुवात मुखत्यारपत्रापासून करतो, कारण तुमचा खरा धोका तिथे आहे. त्याची प्रत काढा आणि ओळन् ओळ वाचा. फक्त महसुली कामांपुरते असेल तर काळजी नाही. पण "विक्री करणे, विकसन करार करणे, नकाशे मंजूर करून घेणे" असे शब्द असतील, तर तुमच्या वतीने भाऊ आजही सही करू शकतो. मुखत्याराचे स्वतःचे हितसंबंध त्यात गुंतलेले नसतील तर ते रद्द करता येते. दुय्यम निबंधकांकडे रद्दपत्र नोंदवा. पण तेवढ्यावर थांबू नका: भारतीय करार कायद्याच्या कलम 208 प्रमाणे रद्द झाल्याचे तिसऱ्या व्यक्तीला कळेपर्यंत तिच्यापुरते ते चालूच राहते. म्हणून भाऊ आणि बिल्डर दोघांनाही लेखी नोटीस द्या, पोच जपून ठेवा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही द्या. आणि "नुसती फॉर्मॅलिटी" म्हणून कुणी हक्कसोडपत्र पुढे केले, तर चहा प्या आणि उठून या.

मुखत्यारपत्राचा प्रश्न मिटला की तुमची बाजू भक्कम आहे. सहहिस्सेदार फक्त स्वतःचा अविभक्त हिस्सा देऊ शकतो. तुमच्या सहीशिवाय आठही एकरांचा लेआउट पुढे सरकणार नाही.

आता पाणथळ. बिल्डर "कायद्याने ही पाणथळ नाहीच" म्हणतो, त्यात दुर्दैवाने तथ्य आहे. 2017 चे पाणथळ जागा नियम रामसर स्थळांना (आंतरराष्ट्रीय करारानुसार नोंदलेल्या पाणथळींना) आणि शासनाने अधिसूचित केलेल्या जागांना लागू होतात. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी देशातल्या 2,01,503 पाणथळ जागांना तात्पुरते संरक्षण दिले, पण त्या सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या. तुमची दीड एकर म्हणजे जेमतेम 0.6 हेक्टर. व्हॉट्सॲपवर फिरणारा 2001 चा हिंच लाल तिवारी निकाल गावाच्या सार्वजनिक तळ्याबद्दल होता, खासगी जमिनीला तो थेट चिकटत नाही. म्हणून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे खंडपीठ पुण्यातच असले तरी माझा पहिला सल्ला तिथे जाण्याचा नाही.

माझा सल्ला वाटणीचा. तुमचा एक तृतीयांश वाटा येतो सुमारे 106 गुंठे. पाणथळ आहे 60 गुंठे. नोंदणीकृत वाटणीपत्राने पाणथळ, वड आणि काठाची पट्टी तुमच्या वाट्याला घ्या आणि तो भाग लेआउटच्या बाहेरच ठेवा. भाव कमी येईल हे उघड आहे, पण भावांना विकण्याजोगी कोरडी जमीन मिळत असल्याने ते सहज तयार होतील असे मला वाटते. जाण्या-येण्याची वाट मात्र वाटणीपत्रात लिहून घ्या.

भावांना एकत्रच लेआउट हवा असेल, तर गणित मांडा. एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे 0.4 हेक्टर आणि त्यापुढच्या जमिनीच्या लेआउटमध्ये 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते. आठ एकरांत ती 32 गुंठे. त्या 32 गुंठ्यांत पाणथळीचा तुकडा दाखवायचा, त्यावर मुरूम टाकून लॉन लावायचे आणि त्याला "गार्डन" म्हणायचे, हा धंद्यातला नेहमीचा खेळ. म्हणून पाणथळ या 10 टक्क्यांखेरीज, वेगळ्या हद्दीने दाखवली पाहिजे. विकसन कराराला जोडलेल्या नकाशात तिची हद्द, प्रत्येक झाड क्रमांकासह आणि "भराव नाही, बांधकाम नाही" ही अट प्लॉटच्या प्रत्येक खरेदीखतात उतरवण्याचे बंधन हवे. महारेरात (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणात) नोंदलेला मंजूर लेआउट पुढे बदलायचा तर दोन तृतीयांश प्लॉटधारकांची संमती लागते, तोही एक अडसर.

दोन्ही पर्यायांत ओढा विसरू नका. तो पाइपात घातला की तुमची पाणथळ कुणी हात न लावताही मरेल. गाव नकाशावर ओढा आहे का ते पाहा, सातबाऱ्यावर पोटखराब्याचा (लागवडीस अयोग्य जमिनीचा) वर्ग "ब", म्हणजे ओढे-नाले, रस्ते अशी जमीन, असेल तर तो उतारा जपून ठेवा. नाला अरुंद केला की काय होते हे 25 सप्टेंबर 2019 च्या पुराच्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याकाठच्या लोकांनी पाहिले आहे; मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला लिहिताना त्याचा उल्लेख जरूर करा.

झाडांना मात्र कायद्याचा चांगला आधार आहे. तुमचे गाव महापालिकेत असल्याने 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा लागू होतो. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षे वा त्याहून जास्त वयाचे झाड हेरिटेज वृक्ष ठरते, आणि झाड तोडायला परवानगी मिळालीच तर त्याच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. या कायद्यात झाड तोडणे म्हणजे केवळ कुऱ्हाड नव्हे, झाडाला कोणतीही इजा करणेही त्यात येते. रस्त्यासाठी वडाच्या मुळांवर जेसीबी चालवला, तर "आम्ही तोडले नाही" ही सबब चालत नाही. तोडीच्या अर्जाची नोटीस झाडावर चिकटवली जाते, हरकतीची मुदत मोजक्या दिवसांची असते. गावातल्या कुणाला तरी लक्ष ठेवायला सांगा.

मोजणीचा अर्ज आताच द्या आणि पाणथळीची हद्द पावसाळा संपता संपता, पाणी भरलेले असताना आखून घ्या. फोटो तारखेसह काढा. उन्हाळ्यात मोजणी झाली तर नकाशावर तिथे "पड जमीन" लिहिले जाईल, आणि मग तुमच्या वाटणीपत्राला जोडायला काही उरणार नाही.