‘हिमॅटॉक्सिलिन’मधलं रक्त आणि तुरटीतली तूर

भुसावळहून डीएमएलटीच्या (लॅब तंत्रज्ञाच्या पदविकेच्या) एका विद्यार्थिनीने विचारलंय: ‘हिमॅटो’ म्हणजे रक्त, मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसाव्यात म्हणून वापरायचं हिमॅटॉक्सिलिन रक्तपेशींसाठीच असतं का? आणि ‘मॉर्डंट’ला, म्हणजे रंगासोबत घालतात त्या तुरटीसारख्या क्षाराला, मराठीत काय म्हणायचं?

पहिल्याचं उत्तर: नाही. ग्रीक ‘हैमा’ म्हणजे रक्त, ‘क्सायलॉन’ म्हणजे लाकूड. मेक्सिकोतल्या कांपेचे भागातल्या एका झाडाचा गाभा लाल, म्हणून हे नाव. रंगतं ते केंद्रक, पेशी कुठलीही असो. डोकं फिरतं ते नोट्समधलं ‘हिमॅटिन’ वाचून. हिमॅटॉक्सिलिन स्वतः रंगवत नाही. त्याचं ऑक्सिडेशन होऊन बनतं ते हिमॅटीइन. हिमॅटिन हा रक्तातल्या हीमपासून होणारा, लोह असलेला निराळा पदार्थ. मराठीत ‘ई’ वेगळी लिहायची सोय आहे, ती वापरा.

आता मॉर्डंट. लॅटिनमध्ये ‘मोर्देरे’ म्हणजे चावणे. पाठ्यपुस्तकी ‘रंगबंधक’ मला अजिबात मान्य नाही. तो शब्द वाचून वाटतं की रंग तयारच आहे, तुरटी त्याला नुसती बांधते. हॅरिसचं, म्हणजे तुरटी घातलेलं हिमॅटॉक्सिलिनचं, द्रावण करून पाहा. ५ ग्रॅम हिमॅटॉक्सिलिन ५० मिलि अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये, १०० ग्रॅम तुरटी १ लिटर गरम डिस्टिल्ड पाण्यात. दोन्ही एकत्र करून उकळी आणायची, आचेवरून उतरवून ऑक्सिडायझर (ऑक्सिडेशन घडवणारा पदार्थ) चिमटीचिमटीने घालायचा, कारण एकदम टाकला तर फसफसून वर येतं. जुन्या कृतीत २.५ ग्रॅम मर्क्युरिक ऑक्साइड असे. पारा नको तर सोडियम आयोडेट, दर ग्रॅम हिमॅटॉक्सिलिनला ०.१ ते ०.२ ग्रॅम. गडद जांभळं झालं की भांडं लगेच गार पाण्यात ठेवा, नाहीतर ऑक्सिडेशन पुढे जाऊन तपकिरी गाळ बसतो. गार झाल्यावर ४० मिलि ग्लेशियल अ‍ॅसिटिक. वापरण्याआधी दरवेळी गाळून घ्या. वरची चकचकीत साय सेक्शनवर (स्लाइडवरच्या ऊतीच्या पातळ कापावर) निळेकाळे डाग पाडते.

या द्रावणात तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम हिमॅटीइनशी जोडलं जातं, त्या जोडीवर धन प्रभार येतो आणि डीएनएचे ऋण प्रभाराचे फॉस्फेट तिला पकडतात. तुरटीऐवजी फेरिक क्लोराइड घ्या, जसं वायगर्टच्या कृतीत घेतात: तेच हिमॅटीइन केंद्रक काळं करतं आणि आम्लालाही सहसा दाद देत नाही. ज्याने रंगच बदलतो त्याला ‘बंधक’ कसं म्हणता?

माझा शब्द ‘तुरटक’. संस्कृतात ‘तुवर’ म्हणजे तुरट, ‘तुवरी’ म्हणजे तुरटी, आणि तुवरी म्हणजे तूरसुद्धा! खान्देशच्या शेतातली तूर आणि काचेच्या बरणीतली तुरटी एका नावाची. हा योगायोग म्हणणाऱ्यांनी तुरटी जिभेवर ठेवून बघावी. जीभ आकसते, कारण अ‍ॅल्युमिनियम लाळेतली प्रथिनं धरून ठेवतं. तुरट ही चवच मुळात धरून ठेवण्याची आहे. आल नावाच्या झाडाच्या मुळांनी लाल कापड रंगवणारे रंगारीही तुरटीच वापरत. आणि कांपेचेचं ते झाड? तुरीच्याच, म्हणजे शेंगावर्गीय कुळातलं!

राहिली स्लाइड. हॅरिसमध्ये ५ ते १० मिनिटं, धुऊन १ टक्का अ‍ॅसिड-अल्कोहोलमध्ये दोन-तीन बुडव्या, पुन्हा धुऊन नळाच्या पाण्यात ५ मिनिटं. लालसर केंद्रक निळं होतं ते पाणी अल्कलाइन असलं तरच. बोअरचं जड पाणी इथे बहुधा चालून जातं. आरओचं पाणी घेतलंत तर केंद्रकं लालसरच राहतील, मग लिटरला २ ग्रॅम खायचा सोडा घाला.