'पहिली ओळच सुचत नाही'

"उत्तर पाह्यलं का समजते जी, पण कोरं पान घेऊन बसली का पहिली ओळच सुचत नाही." यवतमाळ जिल्ह्यातली, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली बी.एस्सी. पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी. फिजिक्स झेपत नाही, विषय बदलू का, हा तिचा प्रश्न. पहिल्या सत्रात हीच तक्रार अनेक मुलं घेऊन येतात.

तिची वही पाहिली. एका बैठकीत बारा गणितं, खाडाखोड कुठेच नाही. म्हणजे गाइडमधून उतरवलेली. उतरवताना पुढची ओळ कोणती, हे दुसऱ्यानं ठरवलेलं असतं, आणि परीक्षेत नेमकं तेच अडतं.

वही मिटायला लावून एक गणित दिलं. तुरीचं ५० किलोचं पोतं, ट्रॉलीला ३०° कोनात टेकवलेली फळी, घर्षण गुणांक ०.४. फळीला समांतर दोर ओढून पोतं एकसमान वेगानं वर न्यायचं, तर बल किती?

तिनं थेट सूत्र मांडलं. घर्षण ०.४ × ५० × ९.८ = १९६ न्यूटन, उतारामुळे लागणारं २४५, बेरीज ४४१. फळीचं लंबबल, म्हणजे फळी पोत्याला काटकोनात देते तो रेटा, तिनं वजनाएवढं धरलं होतं, कारण सपाट जमिनीच्या गणितांत ते तसंच असतं. चूक दाखवण्याऐवजी विचारलं, फळी पार उभी केली तर? तिच्या रीतीनं तेव्हाही १९६ न्यूटन घर्षण उरत होतं. ती थबकली. "उभ्या फळीवर पोतं दाबतच नाही, मंग घासते कायले?"

मग आकृती काढली. पोतं म्हणजे ठिपका, त्यावर चार बाण: वजन सरळ खाली, लंबबल फळीला काटकोनात, दोराचा ताण वर, आणि पोतं वर सरकतंय म्हणून घर्षण फळीवरून खाली. वजन ४९० न्यूटन, त्याचा काटकोनातला भाग ४९० × कॉस ३०° (०.८६६), म्हणजे ४२४ न्यूटन; लंबबल तेवढंच. घर्षण त्याच्या ०.४ पट, १७०. उताराचे २४५ मिळवून एकूण ४१५. कोऱ्या पानावरची पहिली ओळ म्हणजे ही आकृती. सूत्र त्यानंतर.

निम्मी अडचण प्रश्नाच्या इंग्रजीत असते. 'कॉन्स्टंट स्पीड' सरळ रेषेत असेल तर त्वरण शून्य, 'स्मूथ' म्हणजे घर्षण धरू नका, 'लाइट' दोरी म्हणजे तिचं वस्तुमान सोडा. हे शब्द वहीच्या शेवटच्या पानावर मराठीत लिहून ठेवायला सांगितले. मोबाइलचा कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककावर असला तर साइन ३० चं उत्तर ०.५ ऐवजी उणे ०.९८८ येतं, तेही तिला तिथंच करून दाखवलं. या एका गोष्टीपायी बरोबर रीत चूक ठरते, याचं फार वाईट वाटतं.

सराव बारावरून तीन गणितांवर आणला. अडलं तर उत्तराची एकच ओळ बघायची, बाकी झाकायची, आणि दोन दिवसांनी तेच गणित कोऱ्या पानावर.

तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा त्याच पोत्याला दोराऐवजी जमिनीला समांतर, आडवा रेटा दिला. तिचं उत्तर ६२३ न्यूटन आलं, पोत्याच्या वजनापेक्षाही जास्त. खोडरबर हातात घेऊन ती आकृतीकडे पाहत राहिली, मग रेट्याच्या बाणाचे दोन तुकडे केले. एक पोतं वर ढकलत होता, दुसरा फळीवर दाबत होता. उत्तर तिनं खोडलं नाही.