मुंबई-न्यूयॉर्क: १२,५४० किलोमीटरला सोळा तास का लागतात?

आईबाबांच्या न्यूयॉर्कच्या प्रवासाबद्दल तुम्ही विचारलंत. तुमचा हिशोब असा, की मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००, म्हणजे चौदा तास. मग आईबाबांच्या थेट विमानाच्या तिकिटावर जाताना सोळा तास आणि येताना त्याहून दीड-दोन तास कमी, असं का? भागाकार बरोबरच आहे. फक्त तो आकडा सरळ रेषेचा आहे आणि विमान तसं जात नाही.

घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्कवर टोकं धरून दोरा ताणून बघा. मी भाच्याच्या गोलावर पहिल्यांदा असं केलं तेव्हा बघतच राहिले. दोरा अरबी समुद्रावरून पश्चिमेला न जाता पाकिस्तान, अफगाणिस्तानवरून थेट मॉस्कोच्या डोक्यावर जातो, मग नॉर्वे, आइसलँड आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरतो. १२,५४० हे या दोऱ्याचं माप. पण एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, आणि अमेरिकी कंपन्यांना रशियाचं आकाश २०२२ पासून बंद. वळसा आला की तास वाढले.

दुसरं कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, हिवाळ्यात तर फारच. जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. समोरच्या स्क्रीनवर जमिनीच्या तुलनेतला वेग दाखवतात, बाबांना तो बघायला सांगा. परतताना कधी कधी हजाराच्या वर गेलेला दिसेल. शिवाय तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो, धावपट्टीवर रांगेत थांबणंही त्यातच.

वाटेत थांबणारं विमान घेतलं तर अंतर फारसं वाढत नाही, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. दुबईमार्गे साधारण १२,९५० किलोमीटर होतात, फ्रँकफर्टमार्गे १२,७५०. वाढतो तो मधल्या थांब्याचा वेळ. आणि तिथे कंजुषी करू नका, हे मी कळकळीने सांगते. माझ्या आईबाबांना युरोपातल्या एका विमानतळावर मी सव्वा तासाचा थांबा घेऊन दिला होता. पहिलं विमान उशिरा पोचलं, पुढचं सुटलं आणि आई रात्रभर खुर्चीत बसून राहिली. पाय सुजले होते तिचे. तेव्हापासून वडीलधाऱ्यांसाठी तीन तासांपेक्षा कमी थांबा मी घेत नाही. न्यूयॉर्कहून पुढे दुसऱ्या शहरात जायचं असेल तर आणखी वेळ ठेवा, कारण अमेरिकेत पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं आणि बॅगा उचलून पुन्हा द्याव्या लागतात.

तिकिटावरच्या वेळा ज्या त्या गावच्या असतात. रात्री २ ला मुंबईहून निघून सोळा तास उडालं तर न्यूयॉर्कला हिवाळ्यात सकाळचे साडेसात वाजलेले असतात, उन्हाळ्यात साडेआठ, कारण तिथे मार्च ते नोव्हेंबर घड्याळ तासभर पुढे असतं. कागदावर हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेसहा तासच दिसतात. म्हणून बाबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना तिकीट दाखवून वेळा ठरवून घ्या. आईसाठी मी एका पुठ्ठ्यावर दोन रकाने केले होते, मुंबईची वेळ आणि तिथली वेळ, प्रत्येक गोळीसमोर. तो तिने पर्समध्ये ठेवला होता.