कढीपत्त्यावरच्या अळीचा कोष झालाय. आत तिचं खरंच पूर्ण पाणी होतं का?

नाही, पूर्ण पाणी होत नाही. स्नायू आणि आतड्याचा बराचसा भाग विरघळतो. श्वासनलिका बऱ्याच अंशी टिकतात, मेंदूची नव्याने जुळणी होते. पंख, पाय, डोळे यांच्या पेशींचे बारके पुंजके अळीच्या अंगात आधीपासूनच असतात आणि विरघळलेल्या मालावर ते वाढतात. २००८ साली अमेरिकेत तंबाखूवरच्या पतंगाच्या अळ्यांना सौम्य शॉक देऊन एक वास टाळायला शिकवलं होतं. पतंग झाल्यावरही त्यातल्या बऱ्याच जणांनी तो वास टाळला. सगळंच पाणी झालं असतं तर हे कसं लक्षात राहिलं असतं?

तुमचा कोष बहुधा लिंबू फुलपाखराचा किंवा त्याच्या भावकीतल्या कॉमन मॉर्मनचा असेल. शेपूट फांदीला चिकटलेलं आणि कमरेला रेशमाचा एकच धागा, हे बघा. (तुतीच्या रेशीम किड्यासारखं कापसाळ वेष्टण फुलपाखरं करत नाहीत, त्यांचा कोष उघडाच असतो.) सोलापूरसारख्या उष्ण हवेत साधारण आठ-दहा दिवस धरा. बाहेर पडायच्या आदल्या दिवशी कवच पारदर्शक होऊन पंखांची नक्षी दिसते. मी गच्चीवरच्या कुंडीत हे बऱ्याचदा पाहिलंय.

मात्र थंडीत कोष कितीतरी जास्त दिवस थांबू शकतो. आणि कवचाला गोल भोक दिसलं तर समजा आत परजीवी गांधीलमाशी वाढली होती.